बर्फाला लागलेला वास आणि पाण्यातून आलेला वास

मे महिना सरता सरता आमच्या घरी सोडे, सुकट, बोंबील यांची बेगमी होते. पावसाळी हवेत सुकी मासळी सादळते, म्हणून थोडी फ्रीझरमध्ये जाते. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांपुढे बर्फ घातलेलं कोकम सरबत ठेवलं आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांचे चेहरे बदलले. सरबतात बोंबलाचा वास उतरला होता. मी दोष दिला पाण्याला. फिल्टर बदलून घेतला, पैसे गेले, वास तसाच राहिला. चूक निदानात होती.

बर्फ बिघडतो तो दोन वाटांनी. एक, चांगल्या पाण्याच्या बर्फाला फ्रीझरमधला वास लागतो. दोन, पाण्यातच वास असतो आणि तो बर्फात उतरतो. जिभेवर दोन्ही सारखेच वाईट लागतात, पण उपाय अगदी वेगळे.

आधी लागलेला वास, कारण बहुतेक घरांत हाच असतो. उणे १८ अंशांवरही कांदा, लसूण, मासळी यांचा वास हवेत सुटतच राहतो, फक्त हळू. बऱ्याच फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये एकच पंखा तीच हवा फ्रीझरमध्ये आणि खालच्या कप्प्यातही फिरवतो. म्हणून खाली उघडा ठेवलेला चिरलेला कांदा वरच्या बर्फात जाणवतो. आठ-पंधरा दिवस पडून राहिलेला खडा नीट पाहा: कडा झिजलेल्या, अंगावर भुरकट हिम. बर्फ न वितळताही थेट वाफ होऊन झिजतो, हवेतली ओल त्याच्यावर हिम होऊन बसते आणि वास धरून ठेवते. आइस मेकर असलेल्या फ्रिजमध्ये हे जास्त घडतं, कारण डबा सतत भरलेला असतो, आपण वरवरचा बर्फ घेतो आणि तळाचा महिनोन्‌महिने तिथेच राहतो.

पाण्यातला वास ओळखू येतो तो त्याच्या जातीवरून. पोहण्याच्या तलावासारखा असेल तर क्लोरीन. सडक्या अंड्यासारखा असेल तर बोअरवेलच्या पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड. ओल्या मातीचा असेल तर तलाव-धरणातल्या शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांनी सोडलेली द्रव्यं. लोखंडी चव आली तर पाण्यातलं लोह किंवा जुने गंजके पाइप. बोंबलाचा किंवा लसणीचा वास मात्र नळातून येत नाही, एवढं त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

खात्री करायची तर एक खडा थंड पाण्याखाली पाच सेकंद धरा आणि स्वच्छ काचेच्या ग्लासात वितळू द्या. वास गेला तर तो वरून लागलेला होता. राहिला तरी लगेच पाण्यावर ठपका ठेवू नका. पाणी गोठायला काही तास लागतात आणि तेवढ्यात उघड्या ट्रेतलं पाणीही वास ओढून घेतं. पक्का निकाल देते ती दुसरी परीक्षा: तेच पाणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, वर थोडी जागा सोडून, रात्रभर गोठवा. डब्यातला बर्फ चांगला आणि ट्रेतला वाईट, तर दोष फ्रीझरचा. दोन्ही वाईट, तर पाण्याचा.

फ्रीझरचा दोष असेल तर जुना बर्फ सगळा फेकायचा, हळहळ न करता. ट्रे आणि डबा कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचा, एक लिटरला दोन मोठे चमचे. सुवासिक साबण नको, त्याचाच वास बसतो. ट्रे सिलिकॉनचा असेल तर सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा, तो वास फार धरतो. आणि मासळी पातळ पिशवीत ठेवू नका, त्यातून वास बाहेर येतोच. माझी आता काचेच्या बरणीत असते, रबरी कडेच्या झाकणाची.

पाण्याचा दोष असेल तर क्लोरीनला अॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर पुरतो. आइस मेकरचा फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचा आणि नव्या फिल्टरनंतरचे पहिले एक-दोन घाणे टाकून द्यायचे. अंड्यासारख्या वासाला मात्र फिल्टरवर विसंबू नका, आधी पाणी तपासून घ्या. गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत. जे पाणी प्यायला नको, त्याचा बर्फही सरबतात नको.