सेल्बेत्येन्त ह्युत्ते

नॉर्वेच्या डोंगरांतले मुक्कामाचे लाकडी घर. येथे यजमान, आचारी किंवा रखवालदार नसतो, पण सरपण, गॅस, भांडीकुंडी, गाद्या-रजया आणि कोरडा शिधा भरून ठेवलेला असतो. ‘ह्युत्ते’ म्हणजे डोंगरातले किंवा किनाऱ्यावरचे छोटे घर आणि ‘सेल्बेत्येन्त’ म्हणजे स्वतःचे स्वतः करून घेण्याचे. आलेल्याने चूल पेटवायची, पाणी आणायचे, रांधायचे, झाडायचे, हिशेब स्वतः लिहायचा आणि घर पुढच्यासाठी लावून निघायचे.

अशी बहुतेक घरे ‘देन नॉर्स्के तुरिस्तफोरेनिंग’ (डीएनटी) या पर्यटन संघाची व त्याच्या स्थानिक शाखांची आहेत. बँकर थॉमस हेफ्त्ये यांच्या पुढाकाराने हा संघ 1868 मध्ये स्थापन झाला. त्याच वर्षी र्‍यूकान धबधब्याजवळचे क्रोकान हे पहिले घर त्याने घेतले. आज संघाच्या जाळ्यात 500 हून अधिक घरे आहेत. त्यांचे तीन प्रकार आहेत. ‘बेत्येन्त’ घरात नोकरवर्ग असतो आणि जेवण तयार मिळते. ‘सेल्बेत्येन्त’मध्ये शिधा असतो, माणूस नसतो. ‘उबेत्येन्त’मध्ये शिधाही नसतो. शेवटच्या दोन नावांतला फरक नीट न वाचल्याने रिकाम्या कपाटासमोर उपाशी बसण्याची वेळ येते, म्हणून घराचा प्रकार निघण्यापूर्वी तपासावा. योतुनहाइमेन या डोंगराळ प्रदेशातील ऊलाव्सबू हे सेल्बेत्येन्त घराचे ठळक उदाहरण, तर लोएन गावाजवळच्या स्कोला डोंगराच्या माथ्यावर 1848 मीटर उंचीवर उभा असलेला दगडी बुरूज (1891) हे आगळे.

बऱ्याच घरांना एकच ठरावीक चावी लागते. ती फक्त संघाच्या सदस्याला अनामत भरून मिळते. बिगरसदस्याला सदस्याच्या सोबतीने राहता येते, पण दर जास्त पडतो. काही घरांना वेगळी चावी किंवा आकड्यांचे कुलूप असते. ज्या शाखेचे घर, तिच्या सूचना वाचूनच निघावे. अनेक घरांत आता खाट आधी राखून ठेवता येते. पैसे देण्याची जुनी रीत अशी: राहिलेल्या रात्री आणि वापरलेला शिधा छापील अर्जावर लिहायचा आणि तो भिंतीवरच्या लोखंडी पेटीत टाकायचा. आता हेच मोबाइलवरूनही होते. तपासायला कोणी नसते, तरी दीडशे वर्षांहून जुन्या या संघाची ही व्यवस्था टिकून आहे. मोजमाप चुकू नये म्हणून डबा उघडला की तेथल्या तेथे नोंद करावी. निघण्याच्या घाईत कॉफी आणि बिस्किटे हमखास विसरतात.

उन्हाळी वाटेवर दगडांवर व ‘वार्दे’ म्हणजे दगडांच्या रचलेल्या ढिगांवर लाल रंगात ‘टी’ अक्षर रंगवलेले असते. हिवाळ्यात ही खूण बर्फाखाली जाते; तेव्हा मुख्य मार्गांवर ओळीने काठ्या रोवतात, आणि त्याही सगळ्या हंगामभर नसतात. पाट्यांवर अंतर किलोमीटरऐवजी अनेकदा तासांत दिलेले असते, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. पाठीवर ओझे असले किंवा बरोबर मुले असली तर त्यात निम्म्याने भर घालावी.

दार उघडल्यावर पहिले काम म्हणजे ‘ह्युत्तेबूक’ या वहीत नाव, आलो कोठून आणि उद्या जाणार कोठे हे लिहिणे. कोणी बेपत्ता झाला तर शोधपथक आधी हीच वही उघडते. मग चूल. धुराड्याची झडप आणि चुलीची हवेची खिडकी पूर्ण उघडावी. मोठे ओंडके तळाशी, त्यांवर आडव्या बारीक ढलप्या आणि सर्वांत वर बर्च झाडाची साल किंवा कागद ठेवून वरून पेटवावे. असे केल्याने धूर कमी होतो, कारण ओंडक्यातून निघणारा वायू वरच्या ज्वाळेत जळून जातो. खालून पेटवण्याची सवय असलेल्यांना हे उलटे वाटते. धूर खोलीत परत येत असेल तर धुराड्यात थंड हवेचा गोळा बसलेला असतो. झडपेजवळ कागदाचा बोळा जाळला की तो वर ढकलला जातो. निखारे लाल असताना उब टिकवण्यासाठी झडप बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण तेव्हा कार्बन मोनॉक्साइड खोलीतच साचतो आणि त्याला वास नसतो. भिंतीतली हवेची भोके बर्फाने बुजली नाहीत ना, हेही पाहावे. ओले मोजे चुलीच्या अगदी वर टांगू नयेत.

पाणी ओढ्यातून किंवा तळ्यातून बादलीने आणतात. पिण्याची आणि धुण्याची बादली वेगळी असते, ती अदलाबदल करू नये. उंचावरचे वाहते पाणी बहुतेकजण तसेच पितात. वरच्या बाजूला मेंढ्या चरत असतील तर उकळावे. हिवाळ्यात बर्फ वितळवताना पातेल्यात आधी थोडे पाणी घालावे, नाहीतर वितळलेले पाणी वरचा बर्फ शोषून घेतो, कोरडा पडलेला तळ करपतो आणि पाण्याला जळकट चव येते. भरघोस पातेलेभर भुसभुशीत बर्फातून जेमतेम पेलाभर पाणी निघते.

स्वयंपाक प्रोपेन शेगडीवर होतो. आधी सिलिंडरचा कॉक, मग पेटती काडी, मग शेगडीचे बटण. बंद करताना आधी सिलिंडर. कपाटात साधारणपणे क्नेकब्रोड हा कडक ब्रेड, ओट, डबाबंद मांस-मासे, टोमॅटो सूप, स्पगेटी, तांदूळ, कॉफी असे जिन्नस असतात. शाकाहारी माणसाने डाळ, पोहे, मसाला स्वतः न्यावा. 1400 मीटरवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळते आणि कुकर नसतो, म्हणून तूरडाळ किंवा राजमा शिजता शिजत नाही. मसूर किंवा मूगडाळ बरी. भारतातून थेट येणाऱ्याला तूप, पनीर, दूधपावडर नॉर्वेत आणता येत नाही, कारण युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुग्धजन्य व मांसाचे पदार्थ प्रवाशांना मनाई आहेत. लोणी ऑस्लोतल्या दुकानातून घ्यावे. खमंग फोडणीने धुराची घंटा वाजते, तेव्हा फोडणीआधी खिडकी उघडावी, घंटेची बॅटरी काढू नये.

शौचालय, म्हणजे ‘उतेदू’, बाहेर वेगळ्या खोलीत असते आणि कोरडे असते. त्यात पाणी ओतू नये. मैला कुजण्याची प्रक्रिया बिघडते आणि दुर्गंधी येते. लोटा वापरायची सवय असलेल्यांनी अगदी थोडे पाणी वापरून चालवावे. झोपताना स्वतःची चादरपिशवी (लाकेनपूसे) बंधनकारक असते, कारण रजया प्रत्येक पाहुण्यानंतर धुतल्या जात नाहीत. वीज नसते, काही घरांत सौर दिवा, नाहीतर मेणबत्त्या.

निघण्याची सकाळ घाईची नसावी, निदान एक तास राखावा. भांडी धुवून पुसावीत, फरशी झाडून पुसावी. राख पूर्ण थंड दिसली तरी ती झाकणाच्या धातूच्या बादलीतच जाते. राखेखालचा निखारा दिवसभरही जिवंत राहतो. सरपण फोडून चुलीशेजारी रचून ठेवावे, म्हणजे अंधारात गारठून येणाऱ्याला कुऱ्हाड शोधावी लागत नाही. हिवाळ्यात बादल्या, किटल्या रिकाम्या करून पालथ्या घालाव्यात, कारण गोठलेले पाणी त्यांना तडा पाडते. उंदरांसाठी उघडे पाकीट ठेवू नये. कचरा, रिकाम्या डब्यांसह, पाठीवरून खाली न्यावा. सिलिंडर, खिडक्या, झडपा बंद करून दाराला कुलूप लावावे. बाकीची देखभाल स्थानिक शाखेचे स्वयंसेवक करतात. अशा सामूहिक श्रमदानाला नॉर्वेजियनमध्ये ‘दुग्नाद’ म्हणतात.

हार्दांगरविद्दा व रोन्दानेसारख्या जंगली रेनडियरच्या पट्ट्यांत काही घरे मे ते जूनच्या मध्यापर्यंत, पाडसांच्या जन्माच्या काळात, बंद ठेवली जातात. बहुतेक घरांजवळ फोनला रेंज नसते. रेंज मिळाल्यास वैद्यकीय मदतीचा क्रमांक 113, पोलिसांचा 112 आणि आगीचा 110.