पेनांग हिलला पहाटेच का नेतो? मलेशिया सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

कुडाळच्या आमच्या कचेरीत मलेशियाची चौकशी करायला येणारे बहुतेक जण कार्यक्रमपत्रिकेतल्या तिसऱ्या दिवसावर बोट ठेवतात. ‘पहाटे ५ वाजता उठणे, ५.४५ ला पेनांग हिलकडे निघणे.’ हा छपाईतला घोटाळा तर नाही ना, असंही दोघा-तिघांनी विचारलं. घोटाळा नाही. उलट मलेशियाचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असल्यामुळे तिथले पाच म्हणजे कुडाळचे रात्रीचे अडीच, हेही आधीच सांगून ठेवतो. मागच्या खेपेला हॉटेलच्या लॉबीत एक काका डोळे चोळत म्हणाले, “आमी हय फिराक इलव की काजी येचूक?” सगळे हसले, गाडीत बसले, आणि दुपारी जेवताना काकांनीच विषय मिटवला. पण दर वेळी लॉबीत उभं राहून समजावण्यापेक्षा एकदाच लिहून द्यावं, म्हणून हा कागद.

पेनांग हिलला मलय भाषेत बुकित बेंदेरा, म्हणजे झेंड्याची टेकडी म्हणतात. टेकडी म्हणजे नुसता एक उंचवटा समजू नका. तिथलं सर्वांत उंच शिखर ८३३ मीटर आहे. रेल्वेचं वरचं स्थानक त्याहून खाली, साधारण आपल्या आंबोलीच्या उंचीवर येतं. इंग्रजांनी १७८६ मध्ये पेनांग बेटावर बस्तान बसवलं आणि थोड्याच वर्षांत खालच्या उकाड्याला कंटाळून डोंगरावर बंगले बांधायला घेतले. माथेरान-महाबळेश्वरची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, तीच तिकडे आधी घडली. तेव्हा साहेब लोक डोलीतून वर जायचे. रेल्वे आली १९२३ मध्ये, आणि त्याआधीचा एक प्रयत्न फसलेलाही होता.

ही रेल्वे नेरळ-माथेरानच्या गाडीसारखी वळणं घेत स्वतःच्या इंजिनावर चढत नाही. रायगडच्या रोपवेसारखी हवेत लटकतही नाही. वणीच्या सप्तशृंगी गडावरची ट्रॉली ज्यांनी पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. बाकीच्यांनी विहीर डोळ्यांपुढे आणावी. कप्पीवर एकच दोर, दोराच्या दोन टोकांना दोन बादल्या. एक वर आली की दुसरी खाली गेलीच पाहिजे. पेनांग हिलवर बादल्यांच्या जागी दोन डबे आहेत, कप्पी आणि मोटर वरच्या स्थानकात आहे आणि दोर पोलादी आहे. उतरणाऱ्या डब्याचं वजन चढणाऱ्याला ओढायला मदत करतं, मोटरला फक्त फरकाचं वजन ओढावं लागतं. जवळजवळ दोन किलोमीटरचा रूळ सगळीकडे एकेरी आहे, फक्त मधोमध थोडासा दुहेरी, आणि तिथे दोन्ही डबे एकमेकांना बाजू देऊन जातात. डब्याच्या पुढच्या काचेशी जागा मिळाली तर हा क्षण चुकवू नका. समोरून डबा थेट अंगावर येतोय असं वाटतं आणि ऐन वेळी तो बाजूला सरकतो. पोरं किंचाळतात, मोठी माणसं मनातल्या मनात.

पूर्वी वर जायला अर्धा तास लागायचा आणि अर्ध्या वाटेत उतरून दुसऱ्या डब्यात बसावं लागायचं. २०११ पासून नवे डबे आले. आता एका दमात, पाच ते दहा मिनिटांत माणूस वर. डब्यात शंभरेक माणसं मावतात.

आता मुद्द्याचं. सगळ्यांचा प्रश्न असतो, “एवढी गर्दी होते तर जादा गाडी सोडत नाहीत का?” गणपतीत कोकण रेल्वेला जादा गाड्या सुटतात ते पाहून आपल्याला तसं वाटणं साहजिक आहे. पण दोराला टोकं दोनच, तिसरी बादली बांधणार कुठे? गर्दी कितीही वाढो, डबे दोनच राहतात. चढ-उतार धरून समजा पंधरा मिनिटांना एक डबा सुटला आणि तुमच्या पुढे सहाशे माणसं असली, तर सरळ दीड तास गेला. आम्ही काय, कोणीही काही करू शकत नाही.

म्हणून प्रवाशांकडून होणारी एकच चूक आमच्या जिव्हारी लागते. “नाश्ता करून निघू या की.” हॉटेलचा नाश्ता सात वाजता सुरू होतो. टेबलावर बसलं की अंडी येतात, फळं येतात, कॉफी दुसऱ्यांदा येते, कुणाला तरी खोलीत चष्मा आणायला जायचं असतं, आणि आयर इताम गावातल्या खालच्या स्थानकावर पोहोचेपर्यंत दहा वाजतात. बेटावर येणाऱ्या क्रूझ जहाजांतली मंडळी आणि शाळेच्या सहली त्याच वेळी तिथे येतात. गेल्या दिवाळीत आमच्या एका कुटुंबाने ‘आम्ही आमचं येतो’ म्हणून असंच केलं. अडीच तास रांगेत उभे राहिले, वर पोहोचले तेव्हा डोंगर ढगात गेला होता, आणि समोर पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसेना. नंतर फोनवर आम्हालाच बोलले. आम्ही ऐकून घेतलं, ते आमचं कामच आहे. पण पहाटे गेलेले बाकीचे सतरा जण तोपर्यंत खाली उतरून बांगड्याची लक्सा खात होते, हेही खरं.

पहिली गाडी साडेसहाला सुटते. पेनांगला उजाडतं उशिरा, त्यामुळे तेव्हा अजून अंधार असतो आणि सूर्योदय वर पोहोचल्यावर मिळतो. खाली जॉर्ज टाउन शहर, पलीकडे मुख्य भूमी, मध्ये समुद्र आणि त्यावरचा साडेतेरा किलोमीटरचा पूल. नाश्त्याची काळजी नको. थर्मासमधला चहा, केळी आणि कुडाळहून नेलेले लाडू आमच्यासोबत असतात, ते वर बाकावर बसून खायचे. फक्त डबा बंद ठेवा, वरची माकडं आपल्या बागायतीतल्या माकडांची सख्खी भावंडं आहेत. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं असलेली काळपट वानरं मात्र सोज्वळ असतात, ती लांबूनच बघतात.

‘फास्ट लेन’चं तिकीट आम्ही सहलीच्या खर्चात का धरत नाही, असंही विचारतात. ते घेतलं की मोठी रांग टळते हे बरोबर. पण ते साध्या तिकिटाच्या दुपटीहून महाग आहे, आणि पहाटे साडेसहाला टाळण्यासारखी रांगच नसते. तुमच्याकडून ते पैसे घेऊन वर आमची टक्केवारी लावणं आम्हाला सोपं होतं. ज्यांना पहाटे उठणं तब्येतीमुळे खरोखर जमत नाही, त्यांना आम्ही ते जास्तीचे पैसे घेऊन काढून देतो. आधी सांगा, लॉबीत नको.

दुसरी मागणी सूर्यास्ताची. संध्याकाळ वर सुंदर असते यात वाद नाही. पण सूर्य बुडाला की वर असलेला प्रत्येक माणूस एकाच वेळी खाली यायला निघतो, आणि डबे तेच दोन. अंधारात, लहान मुलं खांद्यावर झोपलेली, अशी रांग एकदा अनुभवली की दुसऱ्यांदा कोणी मागत नाही. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर हे पेनांगचे सर्वाधिक पावसाचे महिने. आपली दिवाळी त्याच्या शेपटाला येते, तेव्हाही दुपारनंतर विजा आणि सरी ठरलेल्याच. शिवाय दिवाळीची सुट्टी तिकडेही असते, म्हणून ऐन दिवाळीचा दिवस आम्ही हिलसाठी कधीच ठेवत नाही.

वर काय बघायचं? मुरुगनचं देऊळ आहे, जवळच मशीद आहे, जुने बंगले आहेत. ‘द हॅबिटॅट’ नावाची राखलेली रानवाट आहे, नऊच्या सुमारास उघडते, तिकीट वेगळं. त्यातला झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा झुलता पूल गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपतो, उंचीला भिणाऱ्यांनी मात्र विचार करावा. या डोंगराला २०२१ मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत स्थान मिळालं, ते या जंगलामुळे. स्वेटर लागत नाही. खालच्यापेक्षा पाचेक अंशांनी गार, एवढंच. छत्री लागते.

चालत चढायचं म्हणणारा एक तरी तरुण दर सहलीत निघतो. बोटॅनिक गार्डनकडून वाट आहे, डांबरी रस्ताही आहे, पण चढ मरणाचा आणि हवा आपल्या मे महिन्याची. उतरताना चाला, चढताना डब्यात बसा.

साडेअकरापर्यंत आम्ही खाली येतो आणि जवळच्या केक लोक सी मंदिराकडे वळतो. आधी आयर इतामच्या बाजारात आसाम लक्सा (इथे ‘आसाम’ म्हणजे चिंच, आपलं राज्य नव्हे). चिंचेच्या आंबट रश्शात शेवया आणि कुस्करलेला बांगडा, वर कोळंबीची काळी दाट चटणी. मालवणी जिभेला पहिल्या घासाला परकी, तिसऱ्याला ओळखीची. शाकाहारी मंडळींनी इकडे फिरकू नये, त्यांची सोय जॉर्ज टाउनच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर करतो. जायफळाच्या फळाचं सरबत मात्र सगळ्यांनी प्यावं. आपण साल फेकून देतो किंवा फार तर लोणचं घालतो, त्यांनी त्याचा धंदा केला. आणि ‘पिनांग’ म्हणजे सुपारी, हे आमच्या बागायतदार प्रवाशांना सांगितलं की बेट एकदम घरचं होतं.

आम्ही एका खेपेला वीसच माणसं नेतो, आणि हिलचा दिवस पहिला किंवा दुसरा न ठेवता तिसरा ठेवतो, म्हणजे झोपेचं गणित तोपर्यंत बसलेलं असतं. देखभालीसाठी रेल्वे वर्षातून काही दिवस बंद असते. त्या तारखा पाहूनच आम्ही सहल ठरवतो, स्वतः जाणाऱ्यांनीही पाहाव्यात. मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं. ते आमच्या कचेरीत बसून, वेगळे पैसे न घेता भरून देतो. येताना पासपोर्ट आणा, आणि तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली की ‘पाच मिनिटं’ म्हणू नका.