सातव्या वर्षी खायचे काय?

सहा वर्षे पेरा, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा, अशी यहूद्यांच्या धर्मग्रंथात, मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. पेरणी नाही, द्राक्षमळ्याची छाटणी नाही. आपोआप उगवेल त्यावर मालकाइतकाच गड्याचा, उपऱ्याचा आणि गुराढोरांचा हक्क. हे ऐकून कोणत्याही शेतकऱ्याच्या पोटात गोळा येईल. त्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात तो प्रश्नच लिहून ठेवला आहे: पेरले नाही तर खायचे काय? देव या शंकेवर रागावत नाही. सहाव्या वर्षी तीन वर्षांचे पिकेल, नवव्या वर्षाचे पीक हाती येईपर्यंत जुने धान्य पुरेल, असे वचन देतो.

या भरवशाची तालीम इस्राएली लोक रानात भटकत असताना झाली होती. मान्ना, म्हणजे देवाने रानात पुरवलेले अन्न, रोजच्यापुरताच गोळा करायचा, सहाव्या दिवशी मात्र दुप्पट. तरी काही जण सातव्या दिवशी शोधायला बाहेर पडलेच.

वचनाशेजारी रिकामी कोठारेही नोंदलेली आहेत. सीरियाच्या ग्रीक राजांच्या, म्हणजे सेल्युकिद, सैन्याने वेढा घातला तेव्हा बेथ-सूर या यहूदी शहराच्या लोकांनी शहर सोडले. सातवे वर्ष असल्याने धान्य नव्हते, असे या यहूदी बंडाचा इतिहास सांगणाऱ्या मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात आहे.

जमिनीपेक्षा जड गेली ती कर्जमाफी. सातव्या वर्षी कर्ज सोडायचे, म्हणून लोक आधीच हात आखडू लागले. नियमशास्त्रातल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात याबद्दल ताकीद होती, पण तिचा उपयोग झाला नाही. अखेर हिल्लेल या यहूदी धर्मगुरूने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्तऐवज काढला: कर्ज न्यायसभेच्या हवाली करायचे, म्हणजे वसुली राहते. पळवाटच ती, पण गरिबाला उसने मिळावे म्हणून काढलेली.

पडीक वर्षाचा नियम इस्राएलच्या भूमीपुरता. कोकणातल्या बेने इस्राएली यहूद्यांना तो लागू नव्हता, पण शनिवारचा घाणा त्यांनी बंद ठेवला आणि ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले.

1888–89च्या सातव्या वर्षी पॅलेस्टाइनमधल्या नव्या यहूदी वसाहतींपुढे जुनाच प्रश्न आला. जमीन कागदोपत्री बिगर-यहूद्याला विकून कसण्याची सवलत लिथुआनियातल्या कोव्हनोचे रब्बी (धर्मगुरू) स्पेक्टर यांनी मान्य केली. जेरुसलेमच्या अश्केनाझी, म्हणजे युरोपीय वंशाच्या, रब्बींनी कडाडून विरोध केला. तो वाद मिटलेला नाही. 2021–22 मध्येही काहींनी जमीन अशी विकून पीक घेतले, काहींनी ती पडीक ठेवली. पडीक ठेवणाऱ्यांसाठी देशोदेशींच्या यहूद्यांनी देणग्या गोळा केल्या. पुढचे सातवे वर्ष 2028च्या शरदात सुरू होईल.