शितावरून भात आणि ८४ तज्ज्ञ

परिषदेत कोणी प्रश्नावली वाटली तर नवल नाही. पण जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांच्या जोडीने वाटली, तिच्यात सापळा होता. आणि सावज? आकडेमोडीत मुरलेले मानसशास्त्रज्ञ. एक गट अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनातला, दुसरा गणिती मानसशास्त्रज्ञांच्या बैठकीतला.

प्रश्न असा: तुम्ही २० जणांवर प्रयोग केलात. निकाल तुमच्या सिद्धान्ताच्या बाजूने लागला. नुसत्या योगायोगाने असा निकाल लागण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. आता आणखी १० जण घ्यायचे आहेत. या १० जणांचा निकालही स्वतंत्रपणे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल, याची शक्यता किती?

सगळी उत्तरं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध आलं ८५ टक्के. रास्त उत्तर होतं ४८, म्हणजे जवळजवळ छापा-काटाच. ८४ जणांपैकी ४० ते ६० च्या दरम्यान उत्तर देणारे अवघे ९ निघाले. खरं तर पहिला निकालच जेमतेम पास झालेला. माणसं निम्मी केली की मूळ परिणाम तेवढाच राहिला तरी योगायोगाची ढवळाढवळ वाढते. हे त्या मंडळींना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यातले कित्येक हे गणित कागदावर सहज करू शकले असते. अंदाज बांधताना मात्र कागद कोण काढतो!

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो आणि ती बहुधा बरोबर ठरते, कारण पातेल्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतो. माणसं तशी शिजत नाहीत. तरी मन मूठभर माणसांनाही शितासारखंच वागवतं. १९७१ साली छापून आलेल्या लेखात या दोघांनी त्याला थट्टेने 'लहान संख्यांचा नियम' म्हटलं; संख्याशास्त्रातला खरा नियम मोठ्या संख्यांचा: नमुना जितका मोठा, तितका तो खऱ्या चित्राच्या जवळ.

पुढचं त्यांचं कोडं आणखी सोपं. एका रुग्णालयात रोज सुमारे ४५ बाळं जन्मतात, दुसऱ्यात १५. वर्षभरात ६० टक्क्यांहून जास्त मुलगे जन्मले असे दिवस कुठे जास्त? ९५ विद्यार्थ्यांपैकी ५३ म्हणाले, दोन्हीकडे सारखेच. हिशेब केला तर लहान रुग्णालयात असे साधारण ५५ दिवस येतात, मोठ्यात २५.

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्के कसोटीला उतरले होते; फेरप्रयोगांत उतरले ३६ टक्के. दोन वर्षांनी काहनेमन यांनी, तोवर त्यांना नोबेल मिळून १५ वर्षं झाली होती, जाहीरपणे कबूल केलं की आपल्या गाजलेल्या पुस्तकात आपण तोकड्या नमुन्यांवरच्या प्रयोगांवर फाजील विश्वास टाकला. आमोसबरोबरचा आपला पहिलाच लेख नेमका याच चुकीवर होता, हेही त्यांनीच लिहिलं.