आपल्या वावरातलं, आपल्या ताटात : जवस, ज्वारी, डाळ आणि पाला कसा खावा
(घाणी, गिरणी व धान्य दुकानाकडून ग्राहकांसाठी माहिती)

नमस्कार दादा, ताई, काकू.

हल्ली दुकानात चिया आणि किनोआ या परदेशी बिया विचारत बरीच मंडळी येतात. कोणाला नागपुरात शिकणाऱ्या मुलीने सांगितलेलं असतं, कोणी मोबाइलवर पाहिलेलं असतं. आम्ही हे दोन्ही ठेवत नाही. चियाच्या एका किलोच्या पैशात दोन-तीन किलो जवस येतो, हे एक कारण झालंच. पण ज्या गुणांसाठी ही पाकिटं घेतली जातात, ते गुण आपल्या वर्धा-यवतमाळकडच्या वावरात पिकणाऱ्या धान्यात, तेलबियांत आणि पाल्यात आधीपासून आहेत. ते आपण एकतर विकून टाकतो, नाहीतर अशा पद्धतीने खातो की अंगी लागत नाही. म्हणून कसं खायचं तेच इथे जास्त लिहिलं आहे.

जवस

१०० ग्रॅम जवसात साधारण १८ ग्रॅम प्रथिनं, २५ ग्रॅमच्या वर चोथा (फायबर) आणि २० ग्रॅमच्या वर ओमेगा-३ प्रकारची चरबी असते. चियातही हीच चरबी असते, पण जवसात ती थोडी जास्तच. आपलं शरीर ती स्वतः तयार करत नाही, खाण्यातूनच मिळवावी लागते. मासळीतल्या ओमेगा-३ ची पूर्ण बरोबरी जवस करत नाही, हेही सांगायला हवं. तरी ज्या घरात मासळी येत नाही, तिथे जवसाइतकं स्वस्त दुसरं काही आम्हाला माहीत नाही. त्याचा चोथा पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. त्याने पोट साफ राहतं, आणि रोज खाल्ला तर कोलेस्टेरॉल थोडं उतरायला मदत होते.

पण अख्खा जवस खाऊन उपयोग नाही. त्याचं टरफल कडक असतं. चावला गेला नाही तर दाणा जसा गेला तसा बाहेर पडतो. कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या आणि मग कुटा. कच्चा जवस मूठ-मूठ खाऊ नका. भाजल्याने त्यातले नको ते घटक कमी होतात. लसूण, सुकी लाल मिरची, जिरं, मीठ घालून केलेली जवसाची चटणी आपल्याकडे घरोघरी होतेच. माणशी रोज एक मोठा चमचा पुरे, आणि त्यासोबत पाणी भरपूर प्या. पंधरा दिवस पुरेल एवढीच कुटून काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा. कुटलेला जवस हवेने लवकर खवट होतो.

जवसाच्या तेलाचंही तेच. ते हवेत सुकतं, म्हणून तर रंग आणि वार्निशमध्ये वापरतात. हे तेल तळायला घेऊ नका. भाकरीवर, चटणीवर, मोकळ्या भाजीवर कच्चंच घ्या. लहान बाटली न्या, उजेडापासून दूर ठेवा, आणि रंगासारखा वास यायला लागला की टाकून द्या. रक्त पातळ होण्याची गोळी सुरू असेल तर जवस रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ज्वारी आणि वरण

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा शहरात ज्वारीला भाव आला. आपल्याकडे मात्र सोयाबीन आणि पराटीने (कपाशीने) ज्वारीची जागा घेतली, आणि ताटात भाकरीच्या जागी पोळी आली. ज्वारीत शंभराला दहाच्या आसपास प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा. गव्हातलं ग्लुटेन हे चिकट प्रथिन तिच्यात नसतं. किनोआत प्रथिनं थोडी जास्त असतात, हे खरं. पण भाकर आपण वरणासोबत खातो. ज्वारीत लायसिन हा प्रथिनाचा भाग कमी असतो, तो तुरीत भरपूर असतो. तुरीत जे कमी असतं ते ज्वारी देते. दोन्ही मिळून चांगल्या प्रतीची प्रथिनं होतात. साधारण तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ, हा हिशोब लक्षात ठेवा.

आमचं मन इथे दुखतं. घरची तूर पोत्यांनी विकायची आणि मुलांच्या ताटात पिवळं पाणी वाढायचं, असं होऊ नये. तूर विकताना वर्षभराची घरची आधी बाजूला काढा. भरडून डाळ आम्ही करून देतो. वरण घट्ट करा, आणि सोल्यांच्या दिवसांत सोले (तुरीचे ओले दाणे) भरपूर खा.

शुगर असणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की भाकरीनेही साखर वाढते, फक्त चोथ्यामुळे ती जरा सावकाश वाढते. त्यामुळे भाकर मोजूनच खा. पीठ पंधरवड्याचंच दळून न्या. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकर थापताना तुटते आणि चवही राहत नाही.

दळणात सोयाबीन टाकत असाल तर

गव्हात मूठभर कच्चं सोयाबीन टाकून आणणारे बरेच आहेत. हेतू चांगला आहे, सोयाबीनमध्ये शंभराला ३५ च्या वर प्रथिनं असतात. पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, त्यामुळे पोट फुगतं. तो उष्णतेने मोडतो. म्हणून आधी सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, सालं चोळून काढा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मगच दळणात मिसळा. नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे. बियाण्याचं, औषध लावलेलं सोयाबीन चुकूनही आणू नका.

पाला, लिंबू आणि रक्त

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. आपल्या गावातल्या ताया त्यातच आल्या. निंदणाला जाऊन आल्यावर चुलीपाशी उभं राहणाऱ्या बाईचा थकवा कामाचा म्हणून सोडून देऊ नका.

शेवग्याचा पाला कुंपणालाच असतो. १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून जास्त. लोहही आहे, आणि डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं तो घटकही आहे. पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, मधूनमधून अंबाडी असा फेर ठेवा. फवारणी झालेल्या धुऱ्यावरून पाला तोडू नका.

पाल्यातलं आणि डाळीतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. क जीवनसत्त्व सोबत असलं तर जास्त घेतं. म्हणून वरणावर, भाजीवर लिंबू पिळा, नाहीतर आवळा खा. आवळ्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळायचं, उकळताना नाही. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. तासाभराने घ्या.

विदर्भासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याकडे, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार बराच आढळतो. त्यात रक्त कमी असण्याचं कारण लोहाची कमतरता नसतं. तपासणी न करता, कोणी सांगितलं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी तपासून घ्या.

थोडं इतर

तीळ सालीसकट घ्या, कॅल्शियम सालीतच जास्त असतं. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे फेकून द्या. बुरशीचं विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती आम्ही अख्खी ठेवतो आणि तुमच्यासमोर दळून देतो. हळद तेलात, मिऱ्यासोबत घेतली तर जास्त लागू पडते. गूळ मात्र आम्ही पौष्टिक म्हणून विकत नाही. त्यात लोह थोडं असतं, पण बाकी साखरच असते.

आमच्या बेसनात लाखोरी (लाखेची डाळ) नसते. ती रोजचं मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. बाहेरचं बेसन घेताना विचारून घ्या.

या पत्रकातली एकही वस्तू औषध नाही. सुरू असलेली गोळी हे वाचून बंद करू नका.

जवसाचं तेल घाणीवर काढून हवं असेल तर जवस निवडून, वाळवून आणा आणि बाटली घरूनच आणा. चटणीसाठी भाजलेला जवस मात्र दळणाच्या पिशवीत मिसळू नका. त्याचं तेल सुटून गिरणीच्या दगडाला बसतं आणि मागच्या माणसाचं पीठ खराब होतं. तो वेगळा आणा, आम्ही मिक्सरवर काढून देतो.