बॅटरीचे तापचित्रण

पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी कामात असताना तिच्या पृष्ठभागावरून निघणारी अवरक्त प्रारणे थर्मल कॅमेऱ्याने टिपून, कोणता भाग किती तापला आहे हे चित्ररूपात पाहण्याच्या पद्धतीला बॅटरीचे तापचित्रण म्हणतात. हातात धरायचे बहुतेक कॅमेरे ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात काम करतात.

बॅटरीतून वीजप्रवाह वाहताना अंतर्गत रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि सांध्यांनाही हाच नियम लागू पडतो. एखाद्या जोडणीचा रोध केवळ १ मिलिओहमने वाढला, तरी १०० अँपिअर प्रवाहाला तेथे १० वॅट जास्तीची उष्णता निर्माण होते. त्यामुळे सैल राहिलेला बोल्ट किंवा निकेलच्या पट्टीवरील कच्चे स्पॉट वेल्डिंग डोळ्यांना ठाकठीक वाटले, तरी पॅकवर (एकत्र जोडलेल्या सेलच्या संचावर) भार टाकताच कॅमेऱ्यात ते उजळ ठिपक्यासारखे उठून दिसते. असे दोष हुडकण्यासाठी याहून सोयीचे साधन क्वचितच सापडेल.

लिथियम-आयन सेलमध्ये साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसदरम्यान ऋणाग्रावरील संरक्षक थराचे विघटन सुरू होते, १३० अंशांच्या आसपास पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा वितळतो आणि त्यानंतरच्या अभिक्रियांची उष्णता स्वतःच पुढील अभिक्रियांना चेतवत जाते. या अवस्थेला थर्मल रनअवे म्हणतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल निकेलयुक्त सेलपेक्षा या बाबतीत अधिक स्थिर असतात, परंतु तेही पूर्णतः निर्धोक नाहीत.

तापचित्राचे वाचन मात्र जपून करावे लागते. चकचकीत ॲल्युमिनियम अवरक्त प्रारणे फार कमी उत्सर्जित करते आणि समोरच्या वस्तूंची प्रारणे परावर्तित करते. सेलच्या आवरणावर दिसणारा उबदार डाग कधी कधी कॅमेरा धरणाऱ्याच्याच चेहऱ्याचा असतो, आणि तो बाजूला सरकला की डागही सरकतो. आवरणावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, तर टेप आणि धातू एकाच तापमानाला असूनही तापलेल्या सेलवर टेपचा चौकोन जास्त उजळ दिसतो, आणि खऱ्या तापमानाच्या जवळ जाणारा आकडा त्या चौकोनावरच मिळतो. म्हणून सुट्या आकड्यापेक्षा, समान भाराखाली शेजारशेजारच्या एकसारख्या सेलमध्ये पडणारा फरक अधिक विश्वासार्ह मानावा.

कॅमेरा फक्त पृष्ठभाग पाहतो, ही या पद्धतीची मोठी मर्यादा आहे. जोरात डिस्चार्ज होणाऱ्या दंडगोलाकार सेलचा गाभा आवरणापेक्षा कितीतरी अधिक गरम असू शकतो, आणि बंद पॅकचे झाकण आतला बिघाड बराच वेळ लपवून ठेवते. वाहनातील बॅटरी व्यवस्थापन प्रणाली त्यामुळेच आत बसवलेल्या थर्मिस्टरवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या संवेदकांवर, अवलंबून असते. भारतात २०२२ मध्ये विद्युत दुचाकींना आगी लागल्यानंतर अशा वाहनांच्या बॅटरी-सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले. एका सेलमधील थर्मल रनअवे शेजारच्या सेलमध्ये पसरल्यास काय होते, याच्या चाचणीलाही त्यात स्थान मिळाले.

कारखान्याबाहेर भंगार आणि पुनर्चक्रीकरणाच्या आवारांतही कचऱ्याच्या ढिगांवर असे कॅमेरे रोखून ठेवलेले असतात, कारण चिरडलेला सेल धूर येण्याआधीच तापू लागतो. अपघातात दबलेला पॅक कित्येक तासांनी, प्रसंगी काही दिवसांनीही पेट घेऊ शकत असल्याने तो इतर वाहनांपासून दूर, उघड्या जागेत ठेवून त्याचे तापमान पुन्हा पुन्हा तपासले जाते.