नावं नीट पिसली का?

"सर, हे चक्र चीटिंग करतंय! ओवीचं नाव दोनदा आलं, माझं एकदाही नाही."

सातवीचा वर्ग, पटावर ४० मुलं. मी प्रयोग दाखवायला गेलो होतो आणि फळ्यापाशी कुणाला बोलवायचं हे ठरवायला बाईंनी टीव्हीच्या पडद्यावर नाव निवडायचं एक संकेतस्थळ उघडलं होतं. चौकटीत सगळी नावं चिकटवायची आणि बटण दाबायचं, की रंगीत चक्र गरगर फिरून एका नावावर थांबतं. दहा वेळा फिरवलं, त्यात ओवी दोनदा आली. मागच्या बाकावरच्या मुलाला हा सरळसरळ अन्याय वाटला.

मी खडू घेतला. पहिलं नाव कुठलंही येवो. दुसरं नाव त्याहून वेगळं असण्याची शक्यता ४० पैकी ३९, तिसरं त्या दोघांहून वेगळं असण्याची ४० पैकी ३८. असं दहाव्या नावापर्यंत गुणत गेलं की उत्तर येतं ०.२९. म्हणजे दहाही नावं वेगळी येण्याची शक्यता जेमतेम २९ टक्के. उरलेल्या ७१ टक्के वेळा कुणाचं ना कुणाचं नाव पुन्हा येणारच. आलेलं नाव यादीतून काढून टाकायची सोय अशा संकेतस्थळांवर बहुधा असते, ती बाईंनी वापरली नव्हती, एवढंच. आपल्याला वाटतं की यादृच्छिक, म्हणजे रोजच्या भाषेत रँडम, निवड ही सगळीकडे सारखी पसरलेली दिसायला हवी. तसं नसतं. नाणं २० वेळा उडवलं तर सलग चार वेळा तीच बाजू पडण्याची शक्यता ७७ टक्के आहे. घरी करून बघा.

त्या मुलाची तक्रार चुकीची होती, पण शंका घेणं अगदी बरोबर होतं. पडद्यावरचं चक्र जत्रेतल्या चक्रासारखं घर्षणानं मंदावत नाही. संगणक आतल्या आत एक संख्या काढतो, त्या संख्येवरून नाव ठरतं, गरगर फिरणं हे नुसतं चित्र. ते कितीही निरखून बघितलं तरी निवड न्याय्य आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी नावं पिसली कशी ते बघावं लागतं. पत्ते पिसतात तशीच नावंही पिसावी लागतात, आणि पिसणं हे दिसतं त्यापेक्षा फार अवघड काम आहे.

किती अवघड, ते १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेला कळलं. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना कुठल्या क्रमानं बोलवायचं हे सोडतीनं ठरणार होतं. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घातल्या. जी तारीख आधी निघेल त्या तारखेला जन्मलेले आधी सैन्यात. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. सगळं दूरचित्रवाणीवर, लोकांच्या डोळ्यांदेखत. तरीही नंतर हिशेब मांडला तेव्हा जानेवारीच्या तारखांचा सरासरी क्रमांक २०१ निघाला आणि डिसेंबरचा सुमारे १२१. पुढे १९५ क्रमांकापर्यंतच्या मुलांना बोलावणं गेलं, त्यात डिसेंबरच्या ३१ पैकी २६ तारखा होत्या. कुणी लबाडी केली नव्हती. कुप्या महिन्यामहिन्यानं खोक्यात घातल्या होत्या. जानेवारीच्या कुप्या पुन्हापुन्हा ढवळल्या गेल्या, डिसेंबरच्या शेवटी आल्या आणि जवळजवळ न मिसळता राहिल्या. एवढ्याशा आळसावर मुलांचं युद्धावर जाणं ठरलं, हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. पुढच्या वर्षी दोन पिंपं ठेवली, एकात तारखा आणि दुसऱ्यात क्रमांक.

आता संगणकाकडे. ४० मुलांचे पाच-पाचचे आठ गट पाडायचे असले तर सोपा मार्ग म्हणजे सगळी यादी पिसायची आणि पाच-पाचचे तुकडे पाडायचे. (तुमचा जिवलग मित्र तुमच्याच गटात येण्याची शक्यता ३९ पैकी ४, म्हणजे साधारण १० टक्के. मित्राशी ताटातूट झाली तर त्यात कुणाचा डाव नसतो.) पण यादी पिसायची कशी? नवशिक्या प्रोग्रॅमरला पहिल्यांदा सुचतं ते असं: पहिल्या जागेवरचं नाव घ्या, सगळ्या जागांतून कुठलीही एक जागा रँडम निवडा आणि दोघांची अदलाबदल करा. मग दुसऱ्या जागेचं तसंच, तिसऱ्याचं तसंच. ऐकायला किती न्याय्य वाटतं!

तीनच नावं घेऊ: आभा, बंटी, चिन्मय. प्रत्येक पायरीला तीन पर्याय आणि पायऱ्या तीन, म्हणजे एकूण ३ × ३ × ३ = २७ वाटा, सगळ्या सारख्याच संभाव्य. पण तीन नावांचे क्रम किती? सहा. २७ वाटा सहा क्रमांत सारख्या वाटायच्या, आणि २७ ला ६ नं भाग जात नाही! म्हणजे समान वाटणी अशक्य. एकेक वाट लिहून काढली की तीन क्रम पाच-पाच वेळा येतात आणि तीन क्रम चार-चार वेळा. पहिल्या जागी, म्हणजे गटप्रमुख म्हणून, आभा ९ वाटांत येते, बंटी १० आणि चिन्मय फक्त ८. काढलेली प्रत्येक संख्या शंभर टक्के रँडम असूनसुद्धा यादीत शेवटी असल्याचा तोटा चिन्मयला होतो. मला हे उदाहरण इतकं आवडतं की प्रत्येक वर्गात मी ते करतोच.

नावं वाढवून ही खोट जात नाही. नावांची संख्या 'न' मानली तर वाटा होतात न चा न वा घात, म्हणजे न हीच संख्या न वेळा मांडून केलेला गुणाकार, आणि क्रम होतात १ पासून न पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार. त्या गुणाकारात न-१ हा अवयव असतोच. न आणि न-१ यांच्यात १ सोडून सामाईक विभाजक नसतो. म्हणून दोनपेक्षा जास्त नावं असली की भाग कधीच जात नाही.

यावरचा उपाय संगणकाच्या आधी सापडला. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स हे शेतीच्या प्रयोगांतले संख्याशास्त्रज्ञ. जमिनीच्या कुठल्या तुकड्याला कुठलं खत द्यायचं हे ठरवताना माणसाची आवडनिवड मध्ये येऊ नये म्हणून ते यादृच्छिक क्रम वापरत. १९३८ साली त्यांनी कागद-पेन्सिलीची रीत छापली: उरलेल्यांतून एक निवडा, खोडा, बाजूला लिहा, पुन्हा उरलेल्यांतून निवडा. १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकासाठी अदलाबदलीच्या रूपात मांडली. फरक एकाच शब्दाचा आहे, 'सगळ्यांतून' नव्हे तर 'उरलेल्यांतून'. मग वाटा होतात ३ × २ × १ = ६, आणि क्रमही सहा. एका क्रमाला बरोब्बर एक वाट.

अशी चूक फक्त नवशिकेच करतात असं नाही. २०१० मध्ये युरोपातल्या विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडायचा पडदा दाखवला गेला. त्यावरचे पाच प्रमुख ब्राउझर रँडम क्रमानं यायला हवे होते. पण तिथे दोन-दोन नावांची तुलना करून क्रमवारी लावणाऱ्या आज्ञेलाच 'तुलनेचं उत्तर रँडम दे' असं सांगून पिसणी केली होती, आणि काही ब्राउझर ठराविक जागी जास्त वेळा यायला लागले. लोकांनी मोजलं म्हणून ते उघडकीला आलं.

पिसण्याची रीत बरोबर असली तरी रँडम संख्या येतात कुठून, हा प्रश्न राहतोच. संगणक त्या बहुधा सूत्रानं बनवतो. सुरुवातीचा आकडा, म्हणजे बीज, तोच दिला तर पुढची सगळी माळ तीच येते. बीज म्हणून दिवसाची वेळ मिलिसेकंदांत घेतली तर दिवसभरात ८ कोटी ६४ लाखच बीजं मिळतात, आणि ४० नावांचे क्रम तर ४८ आकडी संख्येइतके आहेत. शाळेच्या गटांसाठी एवढ्यानं बिघडत नाही. पैशांच्या किंवा घरांच्या सोडतीत मात्र बीज कुठून घेतलं हे विचारलंच पाहिजे. आपल्याकडे म्हाडाची घरं आणि आरटीईचे २५ टक्के प्रवेश सोडतीवर ठरतात, तेव्हा हा प्रश्न परका नाही.

प्रभागांच्या आरक्षण सोडतीत चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढतात, निष्पाप हात म्हणून. मुलाला चिठ्ठ्या वाचता येत नसल्या तर ठीक, पण हाताच्या निष्पापपणानं चिठ्ठ्या मिसळत नाहीत. चिठ्ठ्या एका मापाच्या, एकसारख्या घड्यांच्या आणि भरपूर हलवलेल्या हव्यात. आणि 'शुभ अंक' सांगणारे लोकांचे पैसे घेतात, तो अंक पिसणीपर्यंत पोचत नाही.

चक्राला खरा धोका बटणावरच्या बोटाचा असतो. निकाल आवडला नाही म्हणून 'परत एकदा फिरवू' म्हटलं की सूत्र कितीही चांगलं असो, निवड माणसानं केली. म्हणून किती वेळा फिरवायचं हे आधी मोठ्यानं सांगावं, आणि यादी वाचून दाखवावी. वर्गात दोन आदित्य असले आणि यादीत एकच लिहिला, तर तिथेच घोळ होतो.

त्या दिवशी मुलांनी २७ च्या २७ वाटा फळ्यावर लिहिल्या, आणि खाली बेरीज पाच, पाच, पाच, चार, चार, चार अशीच आली. तक्रार करणारा मुलगा पुढे येऊन म्हणाला, "चार नावं घेतली तर?" मी म्हटलं, तूच बघ. घंटा झाली तेव्हा तो वहीच्या मागच्या पानावर २५६ ला २४ नं भागत होता.